शब्दचर्चा: भ्रूणहत्या, गर्भपात, परवानगी, संमती

शनिपार: पुण्यातल्या दवाखान्यांत ठेवायच्या माहितीपत्रकाचा मसुदा तपासायचा आहे. त्यात ‘भ्रूणहत्या’, ‘पाचव्या महिन्यापर्यंत’ आणि ‘पतीची परवानगी’ असे शब्द आहेत. काय ठेवावं? ‘बॉडिली ऑटॉनॉमी’ला काय म्हणावं?

मात्रावेलांटी: ‘भ्रूणहत्या’ आधी काढा. ‘हत्या’ म्हटलं की बाई गुन्हेगार ठरलीच. शब्द नेमकाही नाही. वैद्यकात गर्भधारणेनंतर साधारण आठ आठवडे भ्रूण, पुढे गर्भ. सोनोग्राफीत लिंग दिसतं ते त्याच्याही नंतर, म्हणजे ‘स्त्रीभ्रूणहत्ये’त बहुधा भ्रूण नसतोच. १९९४च्या कायद्याची बंदी गर्भलिंगनिदानावर आणि लिंगनिवडीवर आहे. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१चा. एका शब्दानं दोन्हींची सरमिसळ होते. याच शहरात १८६३ साली फुले दांपत्यानं ‘बालहत्या प्रतिबंधक गृह’ काढलं, त्या नावातली ‘हत्या’ जन्मलेल्या बाळाची होती आणि बाईला तिथे दार उघडं होतं.

‘गर्भपात’ पुरे. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात असा फरक होता. आज दोन्हींना गर्भपातच म्हणतात. ‘पिशवी साफ केली’ मात्र नको, पाळीच्या तक्रारीवरच्या क्युरेटिंगलाही (गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याला) लोक तेच म्हणतात.

पाणिनीची पाटी: खरा घात ‘महिन्या’त आहे. ‘पाचवा लागला’ म्हणजे चार पुरे, साधारण साडेसतरा आठवडे. ‘पाचवा सरला’ म्हणजे पावणेबावीस. कायद्याची रेघ मधोमध, २० आठवड्यांवर. तिथपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४मध्ये दोघांचं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन वगैरे. २४नंतर फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर, आणि तो निर्णय वैद्यकीय मंडळाचा. (जीव वाचवायचा असेल तेव्हा ही मुदत आड येत नाही.) मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. पाळी चुकल्यापासून मोजलं तर हिशेब चार आठवड्यांनी चुकतो. व्यंग दाखवणारी सोनोग्राफीच मुळी १८ ते २० आठवड्यांत होते, म्हणून चार आठवड्यांची चूकही फार झाली. सगळीकडे आठवडेच लिहा.

‘परवानगी’ वरचा खालच्याला देतो. ‘संमती’ आपल्या शरीरावर जे होणार त्याला आपण देतो. १८ पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची लेखी संमती कायद्याला पुरते, नवऱ्याची सही नको. ती अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकांची. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं, तेव्हा ‘पती’ही काढा.

शनिपार: मग ‘गर्भपाताचा हक्क’ लिहू?

मात्रावेलांटी: निम्मं खरं आहे. मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्यात, घटनेच्या कलम २१मध्ये येतो असं सर्वोच्च न्यायालयानं २००९मध्ये म्हटलं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८खाली गर्भपात घडवून आणणं आजही गुन्हा आहे. १९७१चा कायदा त्यातून वाट काढून देतो, तीही डॉक्टरच्या मतावर. म्हणून पत्रकात ‘कायदेशीर मुभा’. ‘हक्क’ आपण मागत राहू, पण मिळालाय असं छापून बाईला तोंडघशी पाडायला नको. लेखात ‘शरीरस्वायत्तता’ चालेल. पत्रकात ‘तुमच्या शरीराबद्दलची संमती तुमचीच’ एवढं स्वच्छ कळतं.

पाणिनीची पाटी: आणि शेवटच्या ओळीत ‘नाव शक्यतो गुप्त ठेवले जाईल’ असेल तर ‘शक्यतो’ खोडा. कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.