चागास रोगातील आतड्याची हानी उंदरात कशी पाहावी?

चिकोडीची विद्यार्थिनी
नमस्कार. मी बेळगावात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. परिसंवादासाठी मी चागास रोगातील पचनसंस्थेची हानी हा विषय घेतला आहे. ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी शरीरात वर्षानुवर्षे टिकतो आणि काही रुग्णांची अन्ननलिका किंवा मोठे आतडे प्रमाणाबाहेर फुगते, इतके समजले. परंतु माणसात ज्या हानीला कित्येक वर्षे लागतात, ती दोन-अडीच वर्षे जगणाऱ्या उंदरात कशी दिसणार? मार्गदर्शकांनी हेच विचारले आणि मी निरुत्तर झाले.

निपाणीकर
प्रश्न रास्त आहे. रुग्णासारखे अवाढव्य फुगलेले आतडे उंदरात सहसा मिळत नाही. म्हणून संशोधक आकाराऐवजी हालचाल मोजतात. कार्माइन हा लाल रंग तोंडावाटे देऊन पहिली लाल लेंडी पडेपर्यंतचा वेळ नोंदवतात. बाधित उंदरांत तो वाढलेला आढळतो. मात्र उंदराची जात आणि परजीवीचा वाण यांची जोडी नीट निवडावी लागते, कारण प्रत्येक जोडीत आतड्याचा विकार उद्भवत नाही.

परजीवीमध्ये ल्युसिफरेजचे (प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचे) जनुक घातले की जिवंत उंदरातही तो कोठे आहे हे प्रकाशामुळे कळते. जुनाट अवस्थेत तो बहुधा मोठ्या आतड्यात आणि जठरात सापडतो. विकृतिशास्त्रज्ञ फ्रित्स क्योबर्ले यांनी ब्राझीलमध्ये रुग्णांच्या आतड्यांतील, हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी मोजल्या आणि हानी मुख्यतः सुरुवातीच्या तीव्र अवस्थेतच होते, असे मत मांडले होते. परजीवी आतड्यात ठाण मांडून राहतो हे दिसल्यावर ते मत अपुरे वाटते. बेन्झनिडाझोल या परजीवीनाशक औषधाने संसर्ग लवकर बरा केल्यास उंदरांतील मंदावलेली हालचाल सुधारते, ही गोष्टही त्याच बाजूची.

खानापूरचा पशुवैद्य
एक सावधगिरी. आपल्या गोठ्यातल्या जनावरांना होणाऱ्या सर्रा रोगाचा परजीवी याच कुळातला, पण तो रक्तात, पेशींबाहेर वाढतो. क्रूझी पेशींच्या आत वाढतो. त्यामुळे सर्ऱ्याचे अनुमान येथे लावू नये. केवळ चेतापेशी नसल्याचा परिणाम पाहायचा असेल, तर उंदराच्या आतड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे रसायन लावून त्या नष्ट करण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यात संसर्ग नसतो, म्हणून ती अर्धीच गोष्ट सांगते. शिवाय असा प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

चिकोडीची विद्यार्थिनी
दोघांचेही आभार. परंतु लाल लेंडीला उशीर झाला, तर दोष जठराचा की मोठ्या आतड्याचा, हे कसे ठरवायचे?

निपाणीकर
त्या एका चाचणीवरून ठरत नाही. म्हणून गुदद्वारातून लहानसा काचेचा मणी आत सरकवून तो बाहेर पडण्याचा वेळ वेगळा मोजतात. त्यावरून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल कळते. दोन्ही आकडे बाधित आणि निरोगी उंदरांसाठी शेजारी-शेजारी मांडा. मार्गदर्शकांचा पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल.