तिशीतले वाढलेले कोलेस्टेरॉल: पथ्य, गोळी की नुसती वाट पाहणे?

मुळाकाठ (मूळ लेख)

कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत या वेळी माझे एकूण कोलेस्टेरॉल 218, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 38, ट्रायग्लिसराइड (रक्तातील आणखी एक मेद) 190 आणि एलडीएल (‘वाईट’, धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल) 142 आले. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वय 31. रक्तदाब आणि साखर मर्यादेत आहेत, तंबाखू किंवा सिगारेट नाही, काम दिवसभर बसून करण्याचे. अहवालात एलडीएलपुढे ‘सीमारेषेवर’ असे छापले होते आणि सल्ला मिळाला तो एका ओळीचा: तेलकट टाळा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

माझ्या वयाच्या अनेक सहकाऱ्यांचे आकडे असेच आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी कागद खणात टाकला, काहींनी लसणाच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि एकाने तर औषधाच्या दुकानातून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आणून कोणालाही न विचारता घ्यायला सुरुवात केली. हे तिन्ही मार्ग मला चुकीचे वाटतात, म्हणून हा धागा.

माझे मत असे आहे की या वयातला थोडा वाढलेला आकडा हा आजार नसला, तरी पुढची तीस-चाळीस वर्षे तो तसाच राहिला तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत काय साचेल याची ती सूचना आहे. त्यामुळे पहिले काम म्हणजे चाचणी पुन्हा करून आकडा खरा आहे याची खात्री करणे. अनेक प्रयोगशाळांत एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून पूर्ण एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात. माझ्या बाबतीत 218 मधून 38 आणि पुन्हा 38 वजा केले की 142 उरतात. ट्रायग्लिसराइड आदल्या रात्रीच्या जेवणाने आणि मद्याने बदलते, म्हणजे त्यावर बेतलेला आकडाही हलतो. दुसरे काम म्हणजे थायरॉइडची टीएसएच चाचणी, कारण थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढते आणि मूळ कारणावर उपचार केले की ते बऱ्याचदा खाली येते. तिसरे, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला का, याची नीट चौकशी. त्यानंतर तीन महिने आहार आणि व्यायामात खरा बदल करावा आणि गोळीचा विचार त्याच्या पुढे, डॉक्टरांसोबत करावा. या क्रमाविषयी आपली मते, विशेषतः विरोधी मते, वाचायची आहेत.

कऱ्हामाई

आपला क्रम संयमाचा आहे, पण त्याच्या मुळाशी असलेले गृहीतकच मला मान्य नाही. धडधाकट तरुणांची घाऊक तपासणी करायची, सत्तर-ऐंशी घटकांचे पॅकेज विकायचे, त्यातला एखादा आकडा ठळक अक्षरांत छापायचा आणि हिंडत्याफिरत्या माणसाला त्या दिवसापासून रुग्ण करून सोडायचे, हा व्यवहार गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांत फोफावला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 81.2 टक्के प्रौढांच्या रक्तातील मेदाचा कोणता ना कोणता आकडा बिघडलेला आढळला. दहापैकी आठ जण सदोष ठरत असतील, तर माणसे तपासण्याआधी मोजपट्टी तपासायला हवी.

दुसरे असे की, पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याची 31 वर्षांच्या, सिगारेट न ओढणाऱ्या, साखर आणि रक्तदाब ठीक असलेल्या माणसाची शक्यता अत्यंत कमी असते. वर्षानुवर्षे वापरात असलेले अमेरिकी जोखीम-गणित चाळिशीपासूनच सुरू होते. तिशीतल्या निरोगी माणसांना स्टॅटिन देऊन झटके टळतात का, हे पाहणारी मोठी आणि दीर्घकाळ चाललेली तुलनात्मक चाचणी झालेली नाही. जे सिद्ध नाही त्यासाठी एखाद्याच्या उशाशी जन्मभराची गोळी ठेवणे मला पटत नाही. चालावे, वेळेवर झोपावे, वजन आटोक्यात ठेवावे आणि चाळिशीला तपासणी करावी, एवढे पुरे आहे.

हृद्‌रेखा

मी मेडिसिनमध्ये एमडी करून सरकारी रुग्णालयात काम करते. कऱ्हामाई यांच्या प्रतिसादातला पॅकेजांविषयीचा राग मला समजतो, पण ‘चाळिशीला तपासणी करावी’ हे वाक्य मला अतिशय धोक्याचे वाटते. अतिदक्षता विभागात छातीत कळ घेऊन येणाऱ्यांत चाळिशी न गाठलेले लोक आम्ही नेहमी पाहतो, आणि त्यांतल्या कित्येकांचे कोलेस्टेरॉल आयुष्यात पहिल्यांदा मोजले जाते ते त्या खाटेवर.

कारण साधे आहे. धमनीच्या भिंतीत मेद साचण्याची प्रक्रिया विशीतच सुरू होते. कोरियन युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल 1953 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 22 होते आणि सुमारे 77 टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत विकृतीच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. इंटरहार्ट या बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे वय साधारण 53 निघाले, तर इतर देशांत ते 58 च्या पुढे होते. दहा वर्षांची जोखीम कमी दिसते ती वय कमी असल्यामुळे, धमन्या स्वच्छ असल्यामुळे नव्हे.

2006 साली प्रसिद्ध झालेला पीसीएसके9 जनुकाचा अभ्यासही इथे महत्त्वाचा आहे. या जनुकातील विशिष्ट बदलामुळे ज्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचे एलडीएल जन्मापासून सुमारे 28 टक्के कमी होते, त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांचा विकार 88 टक्क्यांनी कमी आढळला. एलडीएल किती आहे याइतकेच ते किती वर्षे तसे आहे, यालाही महत्त्व आहे. म्हणूनच कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिली तपासणी 18 व्या वर्षी करावी आणि कमी जोखमीच्या व्यक्तीनेही एलडीएल 100 च्या खाली ठेवावे असे म्हटले आहे.

मुळाकाठ, तुमच्या अहवालात मला 142 पेक्षा दुसऱ्याच आकड्याची अधिक काळजी वाटते. एकूण 218 मधून एचडीएलचे 38 वजा करा. उरणारे 180 हे तुमचे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीला अपाय करू शकणाऱ्या सगळ्या कणांमधले कोलेस्टेरॉल. त्याच सूचनांनुसार ते 130 च्या आत हवे. कमी एचडीएल, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि वरवर मध्यम दिसणारे एलडीएल ही आपल्याकडची नेहमीची जोडी आहे आणि तिच्यासोबत बहुधा पोटाचा घेर असतो. टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषांसाठी आपल्याकडे 90 सेंटिमीटरची मर्यादा धरतात. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच धमनीला अपाय करणारा एक कण, याची चाचणीही एकदा करून घ्या. ते मुख्यतः आनुवंशिक असते आणि आहाराने फारसे हलत नाही, त्यामुळे दरवर्षी करण्याची गरज नाही.

कऱ्हामाई

हृद्‌रेखा, अनुभवाचा आदर राखून एक तर्काचा मुद्दा मांडतो. जनुकामुळे जन्मापासून एलडीएल कमी असणे आणि 31 व्या वर्षी गोळीने ते कमी करणे या दोन गोष्टी सारख्याच फळ देतील, हे अनुमान आहे. ते संभाव्य असेल, पण अनुमानच. शिवाय गोळीचे स्नायुदुखीसारखे त्रास आहेत आणि मधुमेहाची शक्यता थोडी वाढते हेही मान्य झालेले आहे. ज्या समाजात मधुमेह आधीच घरोघरी आहे, तिथे पोट सुटलेल्या तिशीतल्या माणसाला ही किंमत कोण समजावून सांगते?

हृद्‌रेखा

अनुमान आहे हे मान्य. मात्र तिशीतल्यांवर तीस वर्षांची चाचणी पूर्ण होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर आजची पिढी साठीला पोहोचेल. स्नायुदुखीबद्दल सांगायचे तर सॅमसन चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच नाही असे आलटून पालटून दिले गेले. स्टॅटिनच्या महिन्यांतल्या त्रासाचा सुमारे 90 टक्के भाग औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही जाणवला. मधुमेहाचा मुद्दा खरा आहे आणि तो प्रत्येक रुग्णाला सांगितलाच पाहिजे. तसेच, मुळाकाठ यांना आज गोळी द्या असे मी कुठेही म्हटलेले नाही. अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या 2018 च्या सूचनाही 20 ते 39 या वयात मुख्य भर जीवनशैलीवर ठेवतात, आणि एलडीएल 160 किंवा अधिक असून घरात कमी वयातला हृदयविकार असेल तर स्टॅटिनचा विचार करावा असे सांगतात. दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून त्यांनीही नोंदवला आहे.

भाकरतुकडा

आहारतज्ज्ञ म्हणून मला मूळ लेखातल्या ‘तेलकट टाळा’ या सल्ल्यावर बोलायचे आहे, कारण तो अर्धवट आहे आणि त्यातून नुकसान होताना मी पाहते. लोक भाजीतले शेंगदाणा तेल बंद करतात, अंड्यातला पिवळा भाग फेकून देतात, आणि भूक भागवण्यासाठी भात, साबुदाणा, बिस्किटे, टोस्ट वाढवतात. परिणामी ट्रायग्लिसराइड वाढते आणि एचडीएल आणखी घसरते. मुळाकाठ यांचे 190 आणि 38 हे आकडे नेमके याच प्रकारचे आहेत.

एलडीएल वाढवण्यात मुख्य वाटा संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅट) आणि तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणाऱ्या ट्रान्स मेदाचा असतो. आपल्या घरात तो कुठून येतो हे पाहायचे असेल, तर चहाच्या वेळेचा डबा उघडा. खारीचा एक तुकडा कागदी रुमालावर दाबून ठेवला तर काही मिनिटांत पारदर्शक डाग पडतो. त्या पापुद्र्यांच्या प्रत्येक थरात वनस्पती तूप किंवा मार्जरीन लाटलेले असते. फरसाणाच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत बहुधा ‘पामोलिन तेल’ लिहिलेले असते. पाम तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त मेद असतो, शेंगदाणा तेलात सुमारे पाचवा हिस्सा, आणि करडईच्या तेलात त्याहूनही कमी. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून तेल आणि मेदयुक्त पदार्थांतील ट्रान्स मेदावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. पण ट्रान्स मेद गेला म्हणून संपृक्त मेद जात नाही.

कमी करण्याइतकेच वाढवणेही महत्त्वाचे आहे. विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो आणि ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. मटकी, मूग, चवळीची उसळ रोज एकदा, ओट्स किंवा सातू, आणि डॉक्टरांना विचारून रोज सुमारे दहा ग्रॅम इसबगोल भरपूर पाण्यासोबत घेतल्यास एलडीएलमध्ये पाच ते दहा टक्के घट अपेक्षित असते. मिसळ सोडायची गरज नाही. उसळ दुप्पट, तर्री आणि फरसाण नावापुरते, पाव एकच. ट्रायग्लिसराइडसाठी साखर, मैदा आणि शनिवारचे मद्य यांवर लक्ष द्यावे लागते. एवढे सगळे मनापासून केले, तर गोळीची चर्चा बहुतेकांना करावीच लागणार नाही.

निशिगंध

भाकरतुकडा यांचा प्रतिसाद उपयुक्त आहे, पण त्याचे शेवटचे वाक्य मला फार लागले. माझे वडील 42 व्या वर्षी झटक्याने गेले. ते शाकाहारी होते, शेतावर राबत होते, अंगावर मेद नव्हता. धाकट्या भावाचे एलडीएल 24 व्या वर्षी 226 आले, तेव्हा घरात प्रत्येकाने त्याच्या ताटाकडे बोट दाखवले. तूप गेले, दूध गेले, तो रोज टेकडी चढू लागला, आणि आकडा 205 वर थांबला. एका डॉक्टरांनी त्याच्या टाचेमागची शीर (कंडरा) बोटांत धरून पाहिली. ती जाड आणि गाठाळ लागत होती. तिथून निदान झाले की हा आनुवंशिक प्रकार आहे. साधारण 250 माणसांमागे एकाला तो असतो आणि आई किंवा वडिलांकडून मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. यकृतातील, एलडीएल रक्तातून उचलणारे ग्राहीच (रिसेप्टर) कमी असल्याने आहाराने फार फरक पडत नाही.

कऱ्हामाई, तुमच्या सल्ल्याप्रमाणे भावाने चाळिशीपर्यंत वाट पाहिली असती, तर कदाचित वडिलांचेच वय गाठले असते. माझे स्वतःचे एलडीएल 168 आहे. मला मूल हवे आहे, म्हणून डॉक्टरांनी सध्या स्टॅटिन सुरू केलेले नाही. गरोदरपण आणि स्तनपान संपल्यावर निर्णय घ्यायचे ठरले आहे. तरुण स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो आणि या धाग्यावर तो अजून कोणीच घेतलेला नाही. कृपया ‘पथ्य पाळले तर होईलच’ असे सरसकट लिहू नका. ज्याचे होत नाही, त्याला घरचेच लोक चोर ठरवतात.

भाकरतुकडा

निशिगंध, आपल्या प्रतिसादानंतर ‘बहुतेकांना’ या शब्दाची हद्द स्पष्ट करते: माझे म्हणणे सौम्य वाढीपुरतेच होते. 190 च्या पुढे एलडीएल असेल, तर आहारतज्ज्ञाने रुग्णाला तीन महिने स्वतःकडे अडकवून ठेवू नये, लगेच डॉक्टरांकडे पाठवावे.

कऱ्हामाई

निशिगंध, आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. ज्या घरात असे मृत्यू झाले आहेत, तिथे मुलांची तपासणी लवकर करावी याला माझा विरोध नाही, आणि तो खर्च अशाच घरांवर व्हायला हवा. माझा विरोध ज्यांच्या घरी काही नाही अशा लाखो तरुणांना त्याच रांगेत उभे करण्याला आहे.

हृद्‌रेखा

घरी काही आहे की नाही, हे तरुणांना ठाऊकच नसते, ही खरी अडचण आहे. ‘अचानक गेले’ यापलीकडे नोंद नसते. एका साध्या रक्तचाचणीने 190 च्या पुढचे लोक सापडतात; त्यासाठी सत्तर घटकांचे पॅकेज लागत नाही.

मुळाकाठ

सर्वांचे आभार. काल घरी विचारले. वडील 62 वर्षांचे आहेत आणि त्यांना फक्त रक्तदाब आहे, पण थोरल्या काकांची बायपास 49 व्या वर्षी झाली होती, हे मला आजवर माहीत नव्हते. सख्ख्या नात्यात म्हणजे आईवडील किंवा भावंडांत पुरुष 55 च्या आत आणि स्त्री 65 च्या आत असेल तरच कमी वयातला विकार धरतात. त्या व्याख्येत काका बसत नाहीत. तरीही मला ही माहिती दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. कंबर 96 सेंटिमीटर भरली.

टीएसएच आणि लिपोप्रोटीन-ए या आठवड्यात करून घेतो. तीन महिने उसळ, इसबगोल, चहासोबतची खारी बंद आणि रोज जलद चालणे, मग पुन्हा चाचणी. कऱ्हामाई यांच्याशी माझा मतभेद कायम आहे: चाळिशीपर्यंत थांबणे मला जमणार नाही. हृद्‌रेखा यांना एकच प्रश्न उरतो. तीन महिन्यांनी नॉन-एचडीएल 180 वरून 155 पर्यंत आले, लिपोप्रोटीन-ए सामान्य निघाले, आणि तरीही 130 गाठता आले नाही, तर माझ्यासारख्यासाठी आणखी किती काळ आहारावर थांबणे तुम्हाला सुरक्षित वाटते?

हृद्‌रेखा

तशा स्थितीत मी गोळी देण्याची घाई करणार नाही. ट्रायग्लिसराइड 150 च्या आत आणि कंबर 90 च्या आत येईपर्यंत आणखी सहा महिने देईन, कारण तुमच्या आकड्यांतला मोठा वाटा पोटाच्या घेराचा दिसतो. लिपोप्रोटीन-ए 50 च्या वर निघाले, तर मात्र हे उत्तर बदलेल. अहवाल आला की तो घेऊन आपल्या डॉक्टरांसमोर बसा; काकांच्या बायपासची गोष्ट त्यांना आधी सांगा, आकडे नंतर दाखवा.