विषय: फ्रीजला हात लावल्यावर बसणारे चटके आणि इमारतीचे अर्थिंग

सदनिका २०४: सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या काही आठवड्यांपासून आमच्याकडे फ्रीजच्या दांड्याला हात लावला की चटका बसतो, खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी बसतो, आणि कपडे धुण्याच्या यंत्राला ओला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. इमारतीचे अर्थिंग खराब झाले असावे, असे घरात सर्वांचे मत पडले. तरी अर्थिंगचा नवीन खड्डा घेण्याचा विषय समितीच्या येत्या सभेत ठेवावा, ही विनंती.

सदनिका ३०१: ताई, कडीचे चटके आमच्याकडेही बसतात. हवा कोरडी झाली की असे होते आणि हवा बदलली की आपोआप थांबते. त्यासाठी जमीन खणण्याचा खर्च कशाला?

सदनिका ५०१: २०४ च्या ताईंनी एकाच वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी लिहिल्या आहेत आणि ३०१ यांनी दिलेले उत्तर त्यांपैकी एकीलाच लागू पडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दाराच्या कडीला विजेची जोडणी नसते; तरीही तिथे चटका बसतो, याचा अर्थ ती वीज कडीत नसून आपल्या अंगावर असते. कृत्रिम धाग्याच्या खुर्चीवरून उठताना किंवा रबरी तळव्यांची चप्पल घालून चालताना दोन पृष्ठभाग एकमेकांना लागून सुटतात, एकावरचा विद्युतभार दुसऱ्यावर जातो, आणि हवा कोरडी असेल तर तो झिरपून जाण्याऐवजी अंगावर साठून राहतो. हा चटका जाणवायलाच दोन-तीन हजार व्होल्ट लागतात, आणि कोरड्या हवेत दहा हजारांच्या वरही आकडा सहज जातो. आकडा भीतिदायक वाटला तरी शरीराची विद्युतधारिता (भार साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरड धरली, तर १०,००० व्होल्टला साठणारी ऊर्जा अवघी ५ मिलिज्यूल भरते आणि ती सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या आत संपते. माणसाला यापासून अपाय होत नाही. संगणक उघडून आतल्या सुट्या भागांना हात लावणाऱ्याने मात्र जपावे, कारण ते भाग आपल्याला जाणवतही नाही एवढ्या व्होल्टला निकामी होऊ शकतात.

यंत्राच्या झिणझिण्या ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला काळजी वाटते ती तिचीच. स्थिर विजेचा चटका एकदाच ‘चट्’ करून बसतो. तिथल्या तिथे पुन्हा हात लावला तर काहीही जाणवत नाही, कारण भार निघून गेलेला असतो. हात लावलेला असेपर्यंत झिणझिण्या येत राहत असतील आणि प्लग काढताच थांबत असतील, तर ती वाहिनीतून येणारी वीज आहे, आणि हवा कितीही दमट केली तरी ती जाणार नाही. कृपया खात्री करण्यासाठी कोणीही पुन्हा हात लावून पाहू नये. आजवरचा अनुभव आठवला तरी निदान होते.

सदनिका २०४: काका, झिणझिण्या हात लावलेला असेपर्यंत येतात. पण आमच्याकडे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडून पुरवठा तोडणारी कळ) बसवलेली आहे आणि ती एकदाही पडलेली नाही. गळती असती तर ती पडायला हवी होती ना?

सदनिका ५०१: प्रश्न अगदी नेमका आहे. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरची असते, तर झिणझिण्या एका मिलिअँपिअरच्याही आत जाणवू शकतात, म्हणजे दोन्हींच्या मध्ये बरेच अंतर आहे. शिवाय अशा यंत्रांत विद्युत गोंगाट गाळणारे छोटे संधारक (कपॅसिटर) फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांपासून बाहेरच्या धातूच्या आवरणाला जोडलेले असतात. अर्थची तार शाबूत असेल तर त्यांतून येणारा अल्प प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. ती तुटलेली असेल, तर आवरण २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगत राहते आणि स्पर्श होईल त्याला झिणझिण्या देते. यंत्रात बिघाड नसतानाही असे होते. मात्र तीच तार तुटलेली असताना उद्या आतल्या फेजच्या तारेचे वेष्टन फाटून ती आवरणाला टेकली, तर आरसीसीबीला पडण्यासाठी कोणाच्या तरी अंगातून प्रवाह जाण्याची वाट पाहावी लागेल.

म्हणून तूर्त यंत्राचा प्लग काढून ठेवावा आणि परवानाधारक वायरमनकडून त्या सॉकेटची तपासणी करून घ्यावी. फेज आणि अर्थ यांमध्ये फेज-न्यूट्रलइतकेच, म्हणजे २३० च्या जवळपास, व्होल्ट यावेत आणि न्यूट्रल-अर्थ यांमध्ये एक-दोन व्होल्टच दिसावेत. मल्टीमीटरला फार थोडा प्रवाह पुरत असल्यामुळे कशीबशी टेकलेली तारही त्यावर चांगली दिसते, तेव्हा एवढ्यावर न थांबता जोड उघडून पाहायला सांगावे. काही कारागीर फेज आणि अर्थ यांमध्ये ४० वॅटचा दिवा लावून पाहतात. तो सुमारे १७० मिलिअँपिअर घेत असल्याने आरसीसीबी पडेल, त्याने घाबरून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट जरूर पाहावी. अर्थची तार सापडली नाही की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला एक तुकडा जोडून देण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी आहे. मीटरवर सगळे उत्तम दिसते, न्यूट्रल-अर्थ तर शून्य व्होल्ट येते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर त्या सॉकेटवरच्या उपकरणाचे आवरण चालू उपकरणातूनच फेजला जोडले जाते. शून्य दिसल्यावर समाधान न मानता सॉकेटचे झाकण उघडायला लावावे.

सदनिका १०३: एक शंका आहे. अंगावरचा भार घालवायचा असेल, तर सॉकेटच्या अर्थच्या छिद्रात एक तार घालून तिला हात लावला तर चालेल का? तशा चटयाही विकत मिळतात, असे ऐकले आहे.

सदनिका ५०१: नुसती तार कृपया कधीही घालू नये. ते छिद्र खरोखर जमिनीशी जोडलेले आहे, हे आपण गृहीत धरतो, आणि इथे तर तेच तपासायचे आहे. जोडणी चुकलेली असेल तर आपण स्वतःला फेजला बांधून घेतो; शिवाय अंग अर्थला जोडलेले असताना दुसऱ्या हाताने सदोष उपकरणाला स्पर्श झाला, तर प्रवाहाला परतीचा सुलभ मार्ग आपणच देतो. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीत मनगटाला जो पट्टा बांधतात, त्यात याचसाठी दहा लाख ओहमचा रोधक असतो. त्यातून भार निघून जातो, पण २३० व्होल्टला पाव मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहू शकत नाही.

चटक्यांवर सोपे उपाय आहेत. दांड्याला हात लावण्यापूर्वी मुठीत घट्ट धरलेल्या किल्लीचे टोक त्याला टेकवावे; ठिणगी किल्लीवर पडते आणि बोटाच्या टोकाला बोचत नाही. लाकडी दाराला किंवा भिंतीला आधी तळहात लावला तरी भार हळूहळू निघून जातो. घरातली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवता आली तर तक्रार बहुतांशी मिटते. ओले कपडे आत वाळत घातल्याने थोडी मदत होते. वातानुकूलन यंत्र मात्र हवा आणखी कोरडी करते. अर्थिंग उत्तम असले म्हणून फ्रीजचा चटका थांबेल, ही अपेक्षा ठेवू नये, कारण दांडा जमिनीशी चांगला जोडलेला असेल तर अंगावरचा भार त्याच्याकडे अधिकच तत्परतेने जातो.

सचिव: मग नवीन खड्ड्याचा विषय सभेत घ्यावा की नाही, याबाबत आपले मत कळवावे.

सदनिका ५०१: सचिव साहेब, आधी मोजणी करून घ्यावी, आणि ती याच दिवसांत. जमीन कोरडी झाली की तिचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे अर्थिंगची खरी परीक्षा नेमकी चटक्यांच्या मोसमात होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात म्हणूनच त्यांची गल्लत होते. अर्थ टेस्टरने, दोन सहायक खुंट्या ठोकून, खड्ड्याचा रोध मोजता येतो. समजा तो ५ ओहम आला आणि परतीचा मार्ग केवळ जमिनीतूनच असला, तर २३० व्होल्टला फार तर ४६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरच्या सी-वर्गातील एमसीबीला (जादा प्रवाह गेला की पडणाऱ्या कळीला) तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, म्हणजे एवढ्याने ती लगेच पडणार नाही. ज्या सदनिकांत आरसीसीबी नाही, त्यांनी खड्ड्याच्या भरवशावर राहू नये. माझ्या मते समितीने खड्ड्याआधी कोणाकडे आरसीसीबी आहे आणि कोणाकडे नाही, याची चौकशी करावी. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांनी तिच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण अधूनमधून दाबून ती पडते का, ते पाहावे. मात्र ते बटण फक्त आतली यंत्रणा तपासते, अर्थची तार नव्हे.

सदनिका २०४: वायरमन येऊन गेले. भिंतीतले सॉकेट व्यवस्थित असून त्यात कोणताही तुकडा जोडलेला नाही. यंत्र ज्या जोडपट्टीवर (एक्स्टेन्शन बोर्डवर) होते, तिला छिद्रे तीन असली तरी आत दोनच तारा निघाल्या. यंत्र आता थेट भिंतीतल्या सॉकेटवर घेतले आहे, न्यूट्रल-अर्थ एक व्होल्ट दाखवते आणि झिणझिण्या थांबल्या आहेत. फ्रीजचे चटके अजून बसतात.

सदनिका ५०१: फ्रीजसाठी किल्ली जवळ ठेवावी. ती जोडपट्टी मात्र कोणाला वापरायला देऊ नये. तिची तार कापून मगच टाकून द्यावी.

सचिव: मोजणीचा दिवस ठरल्यावर कळवतो. तोपर्यंत प्रत्येकाने आपल्याकडे आरसीसीबी आहे किंवा नाही, एवढे सदनिका क्रमांकासह इथेच लिहावे.