बी12 कमी: दोष जीन्सचा की ताटाचा?

कर्वेनगरची_लेक:
आई, मी आणि धाकटा भाऊ, तिघांचंही बी12 जीवनसत्त्व कमी निघालंय. घरात दूध-ताक रोज असतं, अंडं नाही. आता लॅबवाले म्हणतात जनुकीय चाचणी करा. माझं मत विचाराल तर तिघांचंही कमी म्हणजे हे घराण्यातच आहे. उगाच शाकाहाराला बोल लावू नका.

पेठेतला_नाना:
ताई, तिघांचं रक्त एक तसा कुकरही एकच की! पुण्याच्या केईएम रिसर्च सेंटरच्या डॉ. याज्ञिकांच्या चमूने 2006 मध्ये पुणे परिसरातल्या 441 पुरुषांचा अभ्यास छापला. 67 टक्क्यांचं बी12 कमी. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के! म्हणजे खाऊनपिऊन सुखी मंडळीच यात पुढे. शाकाहाऱ्यांना धोका 4.4 पट.

आणि 'दूध रोज' म्हणजे किती? 100 मिलीत साधारण 0.4 मायक्रोग्रॅम बी12 असतं, गरज दिवसाला दोनच्या आसपास. अर्धा लिटर पोटात जायला हवं. आपलं दूध चहात जातं, तेही उकळ-उकळ उकळून.

डबल_हेलिक्स:
नाना, आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. शाकाहारी घरं आपसातच लग्नं करत आली. मग आहार आणि जीन्स वेगळे कसे काढणार? एफयूटी2 या जनुकाचा बी12च्या पातळीशी संबंध अनेक देशांत दिसलाय. 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने पुण्याचेही नमुने घेऊन केलेल्या अभ्यासात एफयूटी6 या जनुकाचाही संबंध सापडला.

पेठेतला_नाना:
वेगळे काढता येतात, देऊन बघायचं! पुणे परिसरातच काही कुटुंबांना रोज फक्त 2 मायक्रोग्रॅम बी12 तोंडाने दिलं. रक्तातलं बी12 वाढलं, होमोसिस्टीन (बी12 कमी पडलं की रक्तात चढतं ते) उतरलं. शोषणातच घोळ असता तर एवढ्याशा डोसने काय झालं असतं? (आणि दुकानात गोळी मिळते 1500 मायक्रोग्रॅमची. असो.)

डबल_हेलिक्स:
सरासरी वाढली, मान्य. पण प्रत्येकाची सारखीच वाढते असं नाही. शिवाय रिपोर्टातला आकडा म्हणजे एकूण बी12. त्यातला मोठा हिस्सा हॅप्टोकोरिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेला असतो, तो बहुतेक पेशींच्या उपयोगाचा नाही. उपयोगाचं ते ट्रान्सकोबालामिन या दुसऱ्या प्रथिनावरचं, साधारण पाचवा हिस्सा. एफयूटी2चा परिणाम मुख्यतः त्या पहिल्या हिश्शावर होतो असं काही संशोधक मानतात. म्हणजे जीन्समुळे आकडा हलतो, पण पेशीला मिळणारं बी12 तितकं हलेलच असं नाही.

पेठेतला_नाना:
मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय की.

डबल_हेलिक्स:
जीन्सचा हात आहे, एवढंच म्हणतोय. जनुकीय चाचणीवर पैसे घाला असं कुठे म्हटलं? होमोसिस्टीनची तपासणी करा. सकाळी उपाशीपोटी, आणि नमुना लॅबमध्येच द्या. रक्त तसंच पडून राहिलं की आकडा खोटा चढतो.

सिंहगड_रोडची_काकू:
कुणी मेटफॉर्मिनचं नाव घेईना! आईला मधुमेह आहे का? बरीच वर्षं ती गोळी घेणाऱ्यांचं बी12 उतरतं. आमच्या ह्यांचं तसंच झालं. जीन्सच्या आधी औषधांचा डबा उघडा.

कर्वेनगरची_लेक:
हो, आई मेटफॉर्मिन घेते. पण मी आणि भाऊ नाही घेत, त्यामुळे माझा प्रश्न तसाच आहे. भाऊ अंडं खायला तयार झालाय. आईसमोर विषय काढायची माझी छाती नाही.

पेठेतला_नाना:
त्यांना अंडं कशाला? डॉक्टरांना विचारून गोळी द्या. दोन-तीन महिन्यांनी तिघांचे आकडे इथे टाका, मग घराण्याचं बोलू.