चुलीच्या पाईपला ओढ (धूर वर खेचण्याची ताकद) नाही, धूर न्हाणीत कोंडतो

प्रश्न (राधानगरी भाग): पाणी तापवायची पत्र्याची बंद चूल आहे, पाईप ४ इंची. चुलीतून ३ फूट सरळ वर, मग भिंतीतून ५ फूट आडवा, बाहेर पुन्हा उभा आणि वळचणीच्या जरा वर संपतो. उन्हाळ्यात चांगली पेटायची. पाऊस लागल्यापासून धूर तोंडातूनच बाहेर येतोय, सांध्यातून काळं पाणी गळतंय. पाईप ६ इंची करू का?

पत्रेकाम (उत्तर देणारा): अजिबात नको. मोठ्या पाईपात धूर सावकाश चढतो, वाटेतच गार होतो आणि ओढ आणखी मरते. पाईप जितका उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ. तुमचा ५ फूट आडवा तुकडा धूर गार करतोय आणि अडवतोयही. तो २ फुटांवर आणा, बाहेरच्या बाजूला फुटामागं पाव इंच चढ द्या. वळचणीशी टोक संपलं की छपरावरून उतरणारा वारा धूर माघारी ढकलतो. टोक आढ्याच्या २ फूट वर न्या, तारेचे ताण द्या. पाईप वाशांपासून दीड फूट तरी लांब हवा.

शेणी-लाकूड (दुसरा उत्तर देणारा): काळं पाणी म्हणजे ओल्या लाकडाची वाफ आणि धुरातलं डांबर, गार पाईपात जमलेलं. सांधे उलटे बसलेत का तेही बघा: वरच्या तुकड्याचं निमुळतं टोक खालच्याच्या आत हवं, म्हणजे ओल चुलीत उतरते. बरेचजण धूर गळेल म्हणून उलटं बसवतात. पण ओढ असली की सांधा हवा आत घेतो, धूर बाहेर टाकत नाही.

चूल पूर्ण गार करून पाईप उतरवा, तारेच्या ब्रशनं घासा. बेंडमध्ये (वळणात) काजळी सगळ्यात जास्त साठते, तिथं टी (तीन तोंडांचा जोड) बसवून खालच्या तोंडाला टोपण ठेवा. थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायचाच. चकचकीत कडक थर ब्रशला दाद देत नाही, आणि पेटला तर छप्पर धोक्यात. तो तुकडा बदला.

प्रश्नकर्ता: लाकूड बाभळीचं आहे, फोडलेलंच. वरच्या टोपीला बारीक जाळी आहे.

पत्रेकाम: मग आधी जाळीच बघा, काजळीनं बुजली असेल. अर्धा इंची भोकांची लावा.

शेणी-लाकूड: फोडलेलं असलं तरी पावसात उघड्यावर नको. पेटवण्याआधी मूठभर वाळलेलं चिपाड पाईपाच्या तोंडाशी जाळा, आतली गार हवा सरकते. एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर बंद करा, तो पाईपातूनच हवा खाली ओढतो. आणि न्हाणीची खिडकी उघडी ठेवा, बंद न्हाणीतला धूर जिवावर बेततो.