माणसाचं ऑस्टिओपॉन्टिन माशांत सापडत नाही: जनुकच नाही की शोध चुकतोय?

प्रश्न
माणसाच्या ऑस्टिओपॉन्टिन या हाडातल्या प्रथिनाचा क्रम (३१४ अमिनो आम्लं) घेऊन झेब्राफिशच्या जीनोमवर टीब्लास्टएन (प्रथिनाच्या क्रमावरून डीएनएत जुळणी शोधणारा प्रोग्राम) चालवला. कोलॅजेन १ लगेच मिळतं, हे मिळत नाही. लो-कॉम्प्लेक्सिटी फिल्टर (त्याच त्या अमिनो आम्लांचे एकसुरी भाग झाकणारा) काढला तर हिट भरपूर, पण सगळे अ‍ॅस्पार्टेट-सेरीनचे पट्टे. माशांत हे जनुक नाही असं धरायचं का?

उत्तर १
नाही, जनुक आहे. माणसात ऑस्टिओपॉन्टिनच्या जनुकाला एसपीपी१ म्हणतात, माशातही ते याच नावाने नोंदलेलं आहे. कोलॅजेनशी तुलना करू नका. तिथे दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन हवंच, नाहीतर तिपेडी गोफ बसत नाही, म्हणून क्रम टिकतो. ऑस्टिओपॉन्टिनला ठरावीक घडीच नाही. आम्लधर्मी (ऋण) विद्युतभार, फॉस्फेट लागणारी सेरीन आणि पेशीला धरणारा आरजीडी (आर्जिनीन-ग्लायसीन-अ‍ॅस्पार्टेट हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा) एवढं शाबूत असलं की मधलं काहीही बदलतं. फिल्टर काढल्यावर दिसणारे हिट नात्याचे नव्हेत, नुसते भाराचे.

क्रमाऐवजी जागा शोधा, म्हणजे शेजारची जनुकं कोणती ते बघा. माणसाच्या ४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर ओळ अशी आहे: एसपीएआरसीएल१, डीएसपीपी, डीएमपी१, आयबीएसपी, एमईपीई, एसपीपी१, पीकेडी२. टेलिऑस्ट माशांत (झेब्राफिशसह बहुतेक हाडांचे मासे) जीनोम दुप्पट झाल्यानंतर बरीच पांगापांग झाली, म्हणून माणसावरून थेट झेब्राफिशवर उडी नको. मध्ये स्पॉटेड गार हा मासा घ्या; तो त्या दुपटीच्या आधीच वेगळा झालेला आहे. उमेदवार मिळाला की एक्झॉन (जनुकातले जोडून ठेवले जाणारे भाग; मधले कापले जाणारे ते इन्ट्रॉन) तपासा. या कुटुंबात (वरच्या ओळीतली डीएसपीपी ते एसपीपी१ ही नात्यातली जनुकं) संकेत-पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा, दुसऱ्या एक्झॉनमध्ये असतं आणि इन्ट्रॉन सगळे फेज ०, म्हणजे कोडॉन न तोडता दोन कोडॉनच्या मध्ये. फेज १ किंवा २ दिसला तर आधी जनुकाची आखणी तपासा, ती बहुधा चुकलेली असते.

उत्तर २
कोंबडीचं उदाहरण बघा. एमईपीईच्या जागी तिथे ओव्होक्लिडिन-११६ आहे, जे अंड्याच्या कवचात सापडतं. नुसत्या क्रमावरून हे नातं कुणाला सुचलं नसतं.

शार्कमध्ये मात्र शोधत बसू नका. २०१४ साली एलिफंट शार्कचा जीनोम आला, त्यात एसपीएआरसी आणि एसपीएआरसीएल१ आहेत, पण एसपीएआरसीएल१पासून पुढे फुटलेलं हे कुटुंबच नाही. सांगाड्यात कूर्चा आहे, हाड नाही, त्याच्याशी हे जुळतं. हाड नसण्याचं कारण तेवढं एकच, असा दावा मात्र करू नये.

प्रश्नकर्ता
गारवरून जागा सापडली, आभार. आता मासा ते माणूस असं डीएन/डीएस (अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या डीएनए-बदलांच्या दरांचं गुणोत्तर) काढलं तर चालेल?

उत्तर ३
नको. इतक्या अंतरावर डीएस संपृक्त होतो (एकाच जागी पुन्हापुन्हा बदल होऊन ते मोजता येत नाहीत), भागाकारात भाजक निरर्थक ठरतो. त्यात अलाइनमेंटही (क्रम एकाखाली एक जुळवणं) डगमगती. एक कोडॉन सरकला की खोटी धन निवड (बदल फायद्याचे म्हणून टिकल्याची खूण) दिसते. सस्तन प्राण्यांपुरतं करा. अलाइनमेंटला मॅफ्ट या प्रोग्रामची ई-आयएनएस-आय पद्धत घ्या, कारण ती मोठ्या फटी आणि त्यांच्यामधले छोटे टिकाऊ तुकडे सांभाळते. आरजीडी एकाखाली एक आले नाहीत, तर तो निकाल टाकून द्या.

पुढे डीएसपीपी घेणार असाल तर त्यातला सेरीन-सेरीन-अ‍ॅस्पार्टेटचा पुनरावृत्तीचा भाग आधीच कापा. प्रतिकृतीच्या वेळी घसरून त्याची लांबी कमीजास्त होते, आणि तोकड्या रीड्सवरून (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) जुळवलेल्या जीनोममध्ये तो हमखास आखडलेला असतो.