दिवंगत महिला वकील सदस्यांची स्मृतियादी : सुरुवात कुठून करावी?

निशाणी_12

जिल्हा न्यायालयातल्या महिला वकिलांच्या आमच्या मंडळाने आजवर गेलेल्या सदस्यांची पक्की यादी करायचं ठरवलं आहे. त्यावरून छोटी पुस्तिका छापायची आणि वर्षातून एकदा सगळ्यांची नावं वाचायची. सध्या बार रूममध्ये शोकसभा होते, दोन मिनिटं उभं राहतो, ठरावाची प्रत घरी जाते आणि तिथेच सगळं थांबतं. नुकत्याच सनद (वकिलीचा परवाना) घेतलेल्या मुलींना मागच्या पिढीतली नावंसुद्धा ठाऊक नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

हाताशी इतिवृत्ताच्या वह्या आहेत (मधली काही वर्षं गायब), वर्गणीची पावतीपुस्तकं आणि बार असोसिएशनच्या जुन्या मतदारयाद्या आहेत. एकेका व्यक्तीची दोन-दोन नावं, तारखांचा घोळ आणि चांगल्या फोटोंची वानवा, या अडचणी. शिवाय एका कुटुंबाने आईच्या नावाने बक्षीस सुरू करण्यासाठी 1 लाख रुपये देऊ केलेत. घ्यावेत का? मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे.

दफ्तरखाना

यादी नावावरून करू नका, सनद क्रमांकावरून करा. सनद बहुतेकींनी लग्नाआधी घेतलेली असते, म्हणून बार कौन्सिलच्या (सनद देणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत माहेरचं नाव, मतदारयादीत सासरचं आणि लॉ रिपोर्टमध्ये (छापील निकालांच्या खंडांत) नुसती आद्याक्षरं, असं होतं. एमएएच (महाराष्ट्राची खूण), क्रमांक आणि वर्ष हा तुकडा मात्र बदलत नाही. जुन्या वकालतनाम्यांवर (पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रांवर) आणि सदस्यत्वाच्या अर्जांवर तो मिळतो. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या आधी प्लीडर म्हणून सनद घेतलेल्या कुणी असतील तर त्यांचा क्रमांक वेगळ्या पद्धतीचा असेल, त्यांच्यासाठी शेरा लिहा.

रकाने एवढे पुरेत: सनद क्रमांक, सनदेवरचं नाव, नंतरचं नाव, बारमध्ये ज्या नावाने हाक मारत ते नाव, मंडळात आल्याचं वर्ष, निधनाची तारीख, ती तारीख कुठून कळली, कुटुंबातल्या कुणाशी बोलणं झालं. यातला ‘कुठून कळली’ हा रकाना सोडू नका. पाच वर्षांनी कुणी शंका घेतली की तोच कामी येतो.

बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे म्हणजे व्यक्ती हयात आहे, असं समजू नका. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 26-अ खाली दिवंगत वकिलाचं नाव पटावरून काढता येतं, पण कुणी कळवल्याशिवाय कौन्सिलला ते समजणार कसं? याच्या उलट चूक जास्त लागते. वर्गणी थांबली, फोन लागत नाही, म्हणून ‘गेल्या असतील’ असं धरून नाव यादीत घालतात आणि त्या बाई मुलाकडे दुसऱ्या शहरात व्यवस्थित असतात. दोन स्वतंत्र पुरावे मिळेपर्यंत नाव ‘चौकशी चालू’ या वेगळ्या पानावर ठेवा. ते पान छापायचं नाही.

तारखेसाठी मृत्यूचा दाखला सगळ्यात चांगला. नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयात होते, राहत्या गावी नाही. शेवटचा दवाखाना पुण्या-मुंबईचा असेल तर तिथे विचारा. घरचे सांगतात ती तारीख बऱ्याचदा तिथीवरून धरलेली असते. तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून मागच्या वर्षीच्या श्राद्धाची तारीख निधनाची म्हणून छापली जाते. दाखला मिळालाच नाही तर फक्त वर्ष छापा.

सभागृह_मागची_रांग

वरचं सगळं बरोबर. नावांच्या आधी काय लावायचं हे छपाईआधी ठरवून ठरावात घाला. मंडळात सगळ्या धर्मांच्या बायका असतात. बौद्ध घरांत ‘कालकथित’ लिहितात, मुस्लिम घरांत ‘मरहूमा’, ‘कै.’ सगळ्यांना चालत नाही. सरसकट ‘दिवंगत ॲड.’ ठेवा. सौ., गं.भा., श्रीमती हे काही नको. ही यादी वकिलांची आहे, कुणाचा नवरा हयात होता की नव्हता याच्याशी तिला कर्तव्य नाही.

याच कारणाने सर्वपित्री अमावास्येला नावं वाचायची कल्पना कुणी मांडली तर नम्रपणे बाजूला ठेवा. फोटोंना हार घालण्याबाबतही कुटुंबांना आधी विचारा. काहींना फोटोच लावलेला नको असतो, तिथे नुसतं नाव ठेवा. फ्रेम तेवढ्याच मापाची असू द्या.

दिवस हवा असेल तर 15 नोव्हेंबर सुचवते. आद्य महिला वकील कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म 1866 साली याच दिवशी नाशिकला झाला. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची बीसीएल परीक्षा दिली, पदवी हातात पडली ती 1922 मध्ये, आणि हिंदुस्थानात बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला 1923 मध्ये. दिवस दिवाळीच्या सुट्टीत सापडला तर कोर्ट उघडल्यानंतरचा पहिला शुक्रवार घ्या. प्रत्येकीची पुण्यतिथी वेगळी पाळण्याच्या भानगडीत पडू नका. दोन वर्षं होतं, मग ज्यांच्या मैत्रिणी अजून कोर्टात येतात त्यांचीच होते.

वाचनाला मधली सुट्टी पुरते. सनदेच्या वर्षाप्रमाणे क्रम लावा, ज्येष्ठता-कनिष्ठतेचा वाद उरत नाही. वाचणारीने आदल्या दिवशी यादी मोठ्याने वाचून आडनावांचे उच्चार घरच्यांकडून पक्के करून घ्यावेत. आईचं नाव चुकीचं ऐकायला कुणी येत नाही. नावामागे एक वाक्य पुरे: सनद कधीची, प्रॅक्टिस मुख्यतः कशाची. त्याहून लांब गेलात की काहींना पाच मिनिटं आणि काहींना पाच सेकंद मिळतात.

प्रूफवाचक

फोटो: घरात बहुधा पासपोर्ट फोटोच मिळतो. 35 × 45 मिमीचा फोटो 1200 डीपीआयवर स्कॅन केला की साधारण 1650 × 2125 पिक्सेल येतात, म्हणजे 300 डीपीआयने साडेपाच बाय सात इंचांपर्यंत छापता येतो. फोटोच्या पोतावर ठिपके-रेघा असतील तर त्याही मोठ्या होतात, तेव्हा पुस्तिकेत तीन इंचांपुढे जाऊ नका. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, वरचा थर सुटून पानालाच राहतो. पान तसंच ठेवून, वरचं प्लास्टिक उचलून, खिडकीच्या उजेडात सरळ वरून टिपा. व्हॉट्सॲपवर मागवलात तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो आकसून येतो. मूळ फोटो त्याच दिवशी परत करा आणि मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही आणि पुढच्या वर्षी नाव वाढवायचं तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत हवीत: 16, 20, 24. शेवटची दोन पानं मुद्दाम कोरी ठेवा.

प्रूफ प्रत्येक कुटुंबाकडे त्यांच्या पानापुरतं पाठवा आणि ‘मजकूर व फोटो छापण्यास संमती’ अशी एक ओळ सहीनिशी परत घ्या. मृत्यूचं कारण लिहू नका, घरच्यांनी आपणहून सांगितलं तरीही. मुलांमध्ये वाद असेल तर एकाची सही दुसऱ्याला मान्य नसते, म्हणून जमेल तिथे दोघांना विचारा.

हिशेबतपासनीस

1 लाख घ्या, पण एकीच्या नावाचं बक्षीस म्हणून नाही. आज एक कुटुंब देऊ शकतं, उद्या दुसरं देऊ शकत नाही, आणि मग मंडळाच्या स्मृतीत जागा पैशाने ठरायला लागते. माझ्या मते हे फार घातक आहे. ‘दिवंगत सदस्य स्मृती निधी’ असा एकच निधी करा, त्यात कुणीही कितीही घालावेत, आणि त्या निधीतून दिलेल्या मदतीच्या प्रमाणपत्रामागे सगळी नावं छापावीत. कुटुंबाला हे समजावून सांगितलं तर बहुतेक वेळा पटतं. नाही पटलं तर आभार मानून नकार द्या.

देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी (मुद्दल म्हणून राखण्यासाठी) आहे’ असं पत्र घ्या आणि पावतीवरही तेच लिहा. लेखी नसेल तर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नाच्या 85 टक्के खर्चाचा प्राप्तिकराचा नियम तिलाही लागतो. ठेव शेड्यूल्ड बँकेत, मंडळाच्या नावावर ठेवा. व्याज जास्त म्हणून पतसंस्थेत ठेवू नका. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला 6,500 येतात. त्यातले 5,000 कायद्याच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या पुस्तकांसाठी द्या, 1,500 मुद्दलात परत टाका. सगळं व्याज वाटलंत तर काही वर्षांनी त्या रकमेत कायद्यावरचा एक धड टीकाग्रंथ (भाष्याचं पुस्तक) येणार नाही.

आणखी एक. गेलेल्या सदस्य कार्यकारिणीवर असतील तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायला हवा. दुःखात हे राहून जातं आणि मग बँक सह्या बदलून देत नाही, कारण तिथल्या परिशिष्टावर (नोंदीच्या उताऱ्यावर) जुनीच नावं असतात.

निशाणी_12

सगळ्यांचे मनापासून आभार. सनद क्रमांकाचा रकाना आजच घातला. एका घरून त्यांच्या चेंबरमधल्या फाइली, डायऱ्या आणि पुस्तकं ‘मंडळाने जपावीत’ म्हणून येणार आहेत. काय ठेवावं?

दफ्तरखाना

फाइली अजिबात घेऊ नका. त्या पक्षकारांच्या आहेत. वकिलाच्या निधनाबरोबर वकालतनामा संपतो, पक्षकाराने नवा द्यायचा असतो, आणि तिथे आधीच्या वकिलाच्या ना-हरकतीचा प्रश्न येत नाही. मंडळाने दोन ज्युनिअर नेमून घरच्यांसमोर यादी करावी, पुढची तारीख जवळ असलेल्या फाइली आधी काढाव्यात आणि प्रत्येक फाइल पोच घेऊन परत करावी. मूळ खरेदीखतं, मृत्युपत्रं असतील तर पोचेवर स्वतंत्र नोंद हवी. फी थकली म्हणून फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केलं आहे. घरच्यांना तसं सांगा.

डायऱ्यांत पक्षकारांची नावं आणि घरगुती वादांचे तपशील असतात. स्कॅन करू नका, प्रदर्शनात तर मुळीच नको. त्या घरच्यांकडेच राहू द्या.

त्यांचं काम जपायचं तर छापील निकालांमधून जपा. लॉ रिपोर्टमध्ये निकालाच्या सुरुवातीला वकिलांची नावं असतात, आद्याक्षरांवरून शोधा, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचा उल्लेख करताना पीडितेची ओळख पटेल असं काहीही येऊ देऊ नका.

पुस्तकांपैकी समासात त्यांच्या हाताने टिपणं केलेली ठेवा, आणि आतल्या पानावर नाव, सनद क्रमांक, सनदेचं वर्ष लिहा. रिपोर्टचे बांधीव खंड घेण्याआधी बार लायब्ररीत कोणते नाहीत ते पाहा, तेवढेच घ्या.